बायबलच्या अभ्यासकावर व्याख्यान कसे तयार करावे : विल्यम रॉबर्टसन स्मिथ यांच्या निमित्ताने

सातारा-सांगलीकडील वाचनालयांच्या व्याख्यानमालांत संत, क्रांतिकारक, शास्त्रज्ञ यांच्यावर दर वर्षी बोलले जाते. बायबलचा अभ्यास हीच ज्यांची कारकीर्द होती, अशा विद्वानावर मात्र सहसा कोणी बोलत नाही. विषय आपल्या आवाक्यातला नाही अशी वक्त्याची समजूत असते, आणि श्रोत्यांत ख्रिस्ती कुटुंबे बसलेली असताना काही वावगे बोलले जाईल अशी संयोजकांना धास्ती असते. या दोन्ही अडचणी तयारीने सुटतात, पण ती तयारी नेहमीच्या चरित्र-व्याख्यानापेक्षा थोडी वेगळी करावी लागते. मी वाईत राहतो आणि अशी काही व्याख्याने दिली आहेत. त्यांतील पहिले फसले, आणि पुढे जे सांगणार आहे ते बहुतेक त्या फसण्यातून शिकलेले आहे.

ते व्याख्यान साताऱ्यातील एका वाचनालयात झाले. विषय होता एकोणिसाव्या शतकातील स्कॉटिश विद्वान विल्यम रॉबर्टसन स्मिथ. रंगात येऊन मी म्हणालो, ‘बायबलची चिकित्सा केली म्हणून चर्चने त्यांना पाखंडी ठरवून हाकलून दिले.’ टाळ्या पडल्या. प्रश्नोत्तरांच्या वेळी मागच्या रांगेतून एक वयस्कर, निवृत्त पाळक उठले आणि अतिशय शांतपणे म्हणाले, ‘सर, पाखंडी ठरवले ते कोणत्या कलमाखाली?’ माझ्यापाशी उत्तर नव्हते. घरी येऊन शोधले, तेव्हा कळले की स्मिथ यांना प्राध्यापकपदावरून दूर केले हे खरे, पण त्यांच्यावरील आरोप सिद्ध झाला आणि त्यासाठी ते पाखंडी ठरले, असे कधीच झाले नव्हते. माझे सगळे व्याख्यान त्या एका चुकीच्या वाक्यावर उभे होते.

म्हणून पहिली सूचना हीच करतो की, विद्वानावर वाद झाला असेल तर आरोप नेमका काय होता, तो कोणी ठेवला, कोणत्या सभेने काय ठरवले आणि शेवटी शब्दशः निर्णय काय झाला, या चार गोष्टी हाती आल्याखेरीज व्याख्यानाचा कच्चा खर्डासुद्धा लिहू नये. जन्मगाव, शिक्षण, ग्रंथ हे सारे नंतर मिळते आणि सहज मिळते.

माणूस कसा निवडावा

एकच माणूस आणि एकच वाद निवडावा. बायबल-चिकित्सेचा दोनशे वर्षांचा इतिहास एका तासात सांगण्याचा मोह अनेकांना होतो. त्यात नावांची यादी होते आणि श्रोत्यांच्या हाती काही लागत नाही. स्मिथ सोयीचे अशासाठी की त्यांचे आयुष्य छोटे आहे, वाद जाहीर सभांत झाला, त्यावर मतदान झाले, आणि ज्या लेखावरून ठिणगी पडली तो ज्ञानकोशातील लेख आजही कोणालाही वाचता येतो. वाईकर श्रोत्यांना ज्ञानकोशातील लेख म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नाही. मराठी विश्वकोशाचे काम ज्या गावातून चालले त्या गावात एखादी नोंद लिहिणे, ती तपासणे आणि तिच्यावरून कोणी तरी नाराज होणे या गोष्टी लोकांच्या कानांवरून गेलेल्या आहेत.

स्थानिक धागा असावा, पण तो ओढूनताणून आणू नये. साताऱ्यात बोलताना रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये तेथे सुरू केलेल्या ‘देवाच्या दरबारा’पासून आरंभ करावा असे मलाही वाटले होते. परंतु टिळकांचा प्रश्न ख्रिस्ती भक्तीला भारतीय रूप कसे द्यावे हा होता. ग्रंथाचा काळ आणि कर्ता कोण, हा नव्हे. दोघांना एका दोरीत बांधले की दोघांवरही अन्याय होतो. त्यापेक्षा खरा धागा मुंबईचा आहे. स्मिथ ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे (सरकारी आधारावरील चर्चमधून फुटून निघालेल्या चर्चचे) होते, त्याच चर्चचे मिशनरी म्हणजे ज्यांच्या नावाने मुंबईत महाविद्यालय आहे ते जॉन विल्सन. १८७०च्या महासभेचे, म्हणजे या चर्चच्या सर्वोच्च सभेचे, अध्यक्षपद विल्सन यांच्याकडे होते, आणि त्याच वर्षीच्या महासभेने तेवीस वर्षांच्या स्मिथ यांची अ‍ॅबरडीन येथील आपल्या महाविद्यालयात हिब्रू आणि जुना करार या विषयांसाठी प्राध्यापक म्हणून निवड केली. विल्सन यांचे मुंबईत निधन झाले १ डिसेंबर १८७५ रोजी. आणि स्मिथ यांचा वादग्रस्त लेख असलेला एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाचा खंड बाहेर पडला तोही त्याच डिसेंबरात. हा योगायोग आहे, त्याला अर्थ चिकटवू नये. पण सभागृहातील माणसांचे लक्ष मात्र तो वेधून घेतो.

दोन रकान्यांचा कागद

एक मोठा कागद घेऊन त्याचे दोन रकाने करावेत. डावीकडे कारकीर्द आणि उजवीकडे वाद लिहावा, आणि दोन्हींतील तारखा एकमेकींसमोर येतील अशी काळजी घ्यावी. हे काम कंटाळवाणे वाटते, पण कोणत्या घटनेने कोणत्या घटनेला जन्म दिला हे त्यातूनच दिसते.

डावा रकाना १८४६ पासून सुरू होतो. अ‍ॅबरडीनशायरमधील कीग या खेड्यात, फ्री चर्चच्या पाळकाच्या घरी स्मिथ यांचा जन्म झाला. शाळेत न जाता वडिलांपाशीच ते शिकले आणि पंधराव्या वर्षी अ‍ॅबरडीनच्या विद्यापीठात गेले. एडिंबरा येथे धर्मशास्त्र शिकत असताना ते पीटर गथ्री टेट या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाचे सहायक होते, आणि जर्मनीत बॉन व ग्यॉटिंगेन येथे जाऊन त्यांनी तेथील चिकित्सक पद्धत आत्मसात केली. (त्यांचे धाकटे भाऊ चार्ल्स मिची स्मिथ भारतात आले आणि कोडाईकनालची वेधशाळा त्यांनी उभी केली. हे व्याख्यानात सांगू नये, पण चहाच्या वेळी सांगायला हरकत नाही.)

उजवा रकाना १८७५ मध्ये उघडतो. ब्रिटानिकाच्या नवव्या आवृत्तीच्या तिसऱ्या खंडात ‘बायबल’ हा लेख आला. १८७६ मध्ये एडिंबरातील एका वृत्तपत्रात त्यावर निनावी, कठोर परीक्षण छापून आले. ते प्राध्यापक चार्टरिस यांचे होते असे मानले जाते, आणि चार्टरिस फ्री चर्चचे नव्हे तर प्रतिस्पर्धी अशा प्रस्थापित, म्हणजे सरकारी आधारावरील, चर्चचे होते. घरातल्या माणसावर शेजाऱ्याने बोट दाखवल्यावर घरच्यांची जी अवस्था होते ती फ्री चर्चची झाली. समिती नेमली गेली. १८७७च्या महासभेने स्मिथ यांना अध्यापनापासून तात्पुरते दूर ठेवले, आणि त्यांनी स्वतःच मागणी केली की कुजबुज नको, रीतसर आरोपपत्र ठेवा. ते ठेवले गेले. त्यात प्रथम अनेक कलमे होती. ती प्रेस्बिटरी (स्थानिक सभा), सिनड (तिच्या वरची प्रांतिक सभा) आणि महासभा अशा पायऱ्या चढता-उतरताना गळत गेली आणि शेवटी मुख्यत्वे एकच उरले, ते म्हणजे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकासंबंधीचे. साताऱ्यातल्या त्या पाळकांना मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते हे होते.

मे १८८० मध्ये महासभेने अवघ्या सात मतांच्या फरकाने हे प्रकरण समज देऊन मिटवले आणि स्मिथ आपल्या खुर्चीवर परतले. येथे डावा रकाना पाहावा. काही दिवसांतच ब्रिटानिकाचा पुढचा खंड बाहेर आला आणि त्यात स्मिथ यांचाच हिब्रू भाषा व साहित्यावरील लेख होता. तो आधीच लिहून दिलेला होता. पण समज दिल्यानंतर लगेच पुन्हा तेच, असे विरोधकांना वाटले. त्याच सुमारास प्राचीन अरब आणि जुन्या करारातील जमाती यांच्यातील प्राणिपूजेविषयीचा त्यांचा निबंधही प्रसिद्ध झाला होता. ऑक्टोबरमध्ये त्यांना पुन्हा वर्गाबाहेर ठेवले गेले, आणि मे १८८१ मध्ये महासभेने त्यांना प्राध्यापकपदावरून दूर केले. हे आरोपपत्रावरचा खटला चालवून झाले नाही. त्यांनी या पदावर राहणे चर्चच्या हिताचे नाही, असा ठराव करून झाले. पाळक म्हणून त्यांचा दर्जा कायम राहिला आणि मरेपर्यंत ते त्या चर्चचेच होते.

खटला चालवून शिक्षा देणे आणि विश्वास उरला नाही म्हणून पदावरून काढणे, यांतील फरक आपल्याकडील संस्थांत काम केलेल्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. तरी बहुतेक संक्षिप्त चरित्रांत हे दोन्ही एकाच वाक्यात कोंबलेले आढळतात.

‘अनुवाद’ समजावून सांगताना

व्याख्यानाचा निम्मा वेळ येथे द्यावा, कारण मूळ मुद्दा कळला नाही तर उरलेला वाद हा केवळ पाद्र्यांचे भांडण वाटतो.

आरंभी दोन शब्दांची वाट मोकळी करावी लागते. पहिला शब्द ‘अनुवाद’. मराठी बायबलमध्ये मोशेच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या प्राचीन नेत्याच्या व नियमदात्याच्या, पाच पुस्तकांची नावे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद अशी आहेत. येथे अनुवाद म्हणजे भाषांतर नव्हे, तर आधी सांगितलेले नियम पुन्हा सांगणे. हे एका वाक्यात सांगितले नाही तर निम्मे सभागृह भाषांतराच्या वादाची वाट पाहत बसते. दुसरा शब्द ‘टीका’. आपल्या परंपरेत टीका म्हणजे ग्रंथ उलगडून दाखवणे. ज्ञानेश्वरी ही गीतेवरील टीकाच आहे. आजच्या बोलण्यात मात्र टीका म्हणजे दोष काढणे. ‘बायबलवरील टीका’ असे म्हटले की दुसराच अर्थ कानावर पडतो आणि समोरची ख्रिस्ती कुटुंबे सावरून बसतात. म्हणून मी ‘चिकित्सा’ हा शब्द वापरतो आणि जाहिरातीतही तोच छापावा असा आग्रह धरतो.

चिकित्सेची कल्पना वारकरी श्रोत्यांना समजावून सांगणे अजिबात अवघड नाही. एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठभेद शिरले होते, म्हणूनच शुद्ध करण्याची वेळ आली. आणि यापुढे जो कोणी तीत आपली ओवी घुसडील तो अमृताच्या ताटात नरोटी ठेवील, असेही त्यांनी बजावले. पाठ तपासणे हे श्रद्धेच्या विरोधात नाही, हे येथल्या माणसाला नाथांमुळे आधीच पटलेले असते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कर्त्याचा प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिवराम एकनाथ भारदे यांनी ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानदेव आणि अभंग रचणारे ज्ञानदेव हे दोन वेगळे पुरुष असावेत असा वाद मांडला, तेव्हा महाराष्ट्रात केवढी खळबळ उडाली होती! यशयाच्या पुस्तकाचा चाळिसाव्या अध्यायापासूनचा भाग वेगळ्या, नंतरच्या संदेष्ट्याचा आहे, हे बायबल-चिकित्सेतील मत नेमके त्याच जातीचे आहे. भारद्यांचे मत पटवून घ्यायचे कारण नाही. प्रश्नाची जात ओळखीची व्हावी, एवढाच हेतू.

मग अनुवादाकडे यावे. परंपरेप्रमाणे हे पुस्तक मोशेचे. स्मिथ यांचे म्हणणे असे की, त्याचे आजचे रूप मोशेनंतर कित्येक शतकांनी तयार झाले आणि त्यातील नियम मोशेच्या तोंडी घातलेले आहेत. आधार काय, हे श्रोत्यांना पुस्तक उघडूनच दाखवावे. शेवटच्या, चौतिसाव्या अध्यायात मोशेच्या मृत्यूची हकिकत आहे, हा सर्वांत जुना आणि सर्वांत दुबळा पुरावा. तेवढा भाग नंतर जोडला असे म्हटले की तो संपतो. दुसरा पहिल्याच ओळीत आहे. मोशेने ‘यार्देनेच्या पलीकडे’ ही वचने सांगितली, असा मूळ हिब्रूत शब्दप्रयोग आहे. मोशे तर यार्देन नदी ओलांडून पश्चिमेला कधीच आला नाही. वाईच्या घाटावर उभे राहून मी ‘कृष्णेपलीकडे’ म्हटले तर मी कोणत्या काठावर उभा आहे ते आपोआप उघड होते. तसेच ही ओळ लिहिणारा पश्चिम काठावर होता असे चिकित्सक म्हणतात. यावर विरोधकांचे उत्तरही द्यावे, कारण ते चांगले आहे : ते केवळ त्या प्रदेशाचे रूढ नाव असेल. आपण देशावर राहूनही ‘आम्ही घाटावरचे’ म्हणतोच की. ‘घाटावर’ हे नाव खालच्या कोकणातून वर पाहणाऱ्याने दिलेले आहे.

खरा जोर तिसऱ्या पुराव्यात आहे. अनुवादाच्या बाराव्या अध्यायात आज्ञा आहे की, परमेश्वर निवडील त्या एकाच ठिकाणी यज्ञ करावेत. निर्गमच्या विसाव्या अध्यायात मात्र ठिकठिकाणी वेदी बांधण्याची मुभा गृहीत धरलेली दिसते. शमुवेल अनेक ठिकाणी यज्ञ करतो. एलीया तर कर्मेल डोंगरावर मोडलेली वेदी पुन्हा उभारतो, आणि त्याबद्दल त्याला कोणी दोष देत नाही. एकस्थानाची आज्ञा मोशेच्या काळापासून सर्वांना ठाऊक असती, तर देवाचे हे सर्वांत निष्ठावान सेवक तिच्याविरुद्ध इतक्या सहज कसे वागले असते? नंतर राजे यांच्या दुसऱ्या पुस्तकात, बाविसाव्या अध्यायात, योशीया राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकाच्या उत्तरार्धात, यरुशलेमच्या मंदिरात हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो; राजा तो ऐकून वस्त्रे फाडतो आणि गावोगावची पूजास्थाने मोडून टाकतो. ही सुधारणा अनुवादातील आज्ञांशी इतकी जुळते की, सापडलेला ग्रंथ म्हणजे अनुवादाचाच गाभा असावा, असे मत जर्मन विद्वान डे वेट यांनी १८०५ मध्येच मांडले होते.

सभागृहात हे परिच्छेद मोठ्याने वाचावेत आणि वाचायला ख्रिस्ती श्रोत्यांपैकीच कोणाला तरी विनंती करावी. त्यांना वचने कोठे आहेत ते माहीत असते, वाचण्याचा ठेका असतो, आणि त्यांचा ग्रंथ त्यांच्याच आवाजात ऐकू येतो. माझ्या दुसऱ्या व्याख्यानात, सांगलीत, एका शिक्षिकेने योशीयाचा प्रसंग असा वाचला की मला पुढे दोन मिनिटे काही बोलावेसे वाटले नाही.

येथे एक गोष्ट विसरू नये. स्मिथ यांच्या दृष्टीने अनुवाद नंतरचा ठरला म्हणून खोटा ठरत नव्हता. जुन्या गुरूच्या तोंडी नवा उपदेश घालणे ही त्या काळची मान्य लेखनपद्धती होती, आणि देवाचे वचन त्या पद्धतीतूनही येऊ शकते, असे ते मानत. ज्या समाजात ‘मनू म्हणाला’, ‘व्यास म्हणाले’ अशी सुरुवात असलेले ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या वाचले गेले, त्याला हा मुद्दा पटकन कळतो. स्मिथ नास्तिक नव्हते. त्यांना धर्मविरोधी बंडखोर म्हणून उभे करणारे व्याख्यान रंगते खरे, पण ते दुसऱ्याच कोणाचे तरी चरित्र असते.

विरोधकांना खुर्ची द्यावी

वक्त्याची सहानुभूती विद्वानाकडे असणारच, माझीही आहे. तरीही विरोधकांची बाजू त्यांनाही मान्य होईल अशा शब्दांत मांडता येईपर्यंत व्याख्यान तयार झाले असे समजू नये. ते महाविद्यालय सरकारी नव्हते. १८४३ मध्ये साडेचारशेहून अधिक पाळक सरकारी आधारावर चालणाऱ्या चर्चमधून, आपली घरे आणि पगार सोडून, बाहेर पडले. त्यांनी सामान्य लोकांच्या वर्गणीतून नवी चर्चे, शाळा आणि महाविद्यालये उभारली. तेथे शिकणारी मुले उद्याचे पाळक होती, आणि प्राध्यापकाने वेस्टमिन्स्टरच्या विश्वासपत्रावर, म्हणजे चर्चच्या अधिकृत श्रद्धा-मतांच्या लेखी मसुद्यावर, सही केलेली होती. ‘तुम्ही काय संशोधन करावे हे आम्ही सांगत नाही, पण आमच्या मुलांना काय शिकवावे हे आम्ही सांगू,’ अशा अर्थाची त्यांची भूमिका होती, आणि तिच्यात तथ्य होते. स्मिथ यांचे उत्तर असे की, पुस्तकाचा मानवी कर्ता कोण याविषयी विश्वासपत्र काहीच सांगत नाही, तेव्हा मी सही मोडलेली नाही. एकच कलम टिकले आणि तेही अखेर सिद्ध झाले नाही, यावरून त्यांचे उत्तर किती पक्के होते हे कळते. आणि तरीही ते पदावरून गेले, यावरून सभेपुढे एकटा कायद्याचाच प्रश्न नव्हता, हेही कळते.

साधनांबद्दल एक सावधगिरी. स्मिथ यांचे मोठे चरित्र १९१२ मध्ये जॉन सदरलंड ब्लॅक आणि जॉर्ज क्रिस्टल यांनी लिहिले. दोघेही त्यांचे मित्र. माहितीसाठी त्याला पर्याय नाही, पण महासभेचे नेते प्रिन्सिपल रॉबर्ट रेनी यांच्याविषयी त्यात जे वाचाल ते मित्रांनी लिहिलेले आहे, हे लक्षात ठेवून वाचावे.

पद गेल्यानंतरची कारकीर्द

पुष्कळ वक्ते १८८१ ला थांबतात, कारण नाट्य तेथे संपते. खरे तर स्मिथ यांचे आज अधिक वाचले जाणारे काम त्यानंतरचे आहे. पद जाण्याच्या थोडे आधी, १८८१च्या आरंभी, एडिंबरा आणि ग्लासगो येथे त्यांनी सामान्य श्रोत्यांसाठी व्याख्याने दिली आणि ती त्याच वर्षी ग्रंथरूपाने आली. पुढे ते ब्रिटानिकाचे सहसंपादक आणि मग मुख्य संपादक झाले. १८८३ मध्ये केंब्रिजला अरबीचे प्राध्यापक, १८८६ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल, १८८९ मध्ये पुन्हा अरबीच्या दुसऱ्या, मानाच्या पदावर. निलंबनाच्या काळात ते इजिप्त आणि अरबस्तानात हिंडले होते. वर्ग बंद नसते तर ही भ्रमंती झाली नसती, आणि हिब्रूचा हा प्राध्यापक मानवशास्त्राचा एक आद्य पुरुष झाला नसता, असे मला वाटते. ३१ मार्च १८९४ रोजी, क्षयाने, सत्तेचाळिसाव्या वर्षी ते गेले.

सेमिटिक लोकांच्या धर्मावरील त्यांचा १८८९ चा ग्रंथ समजावून सांगायला आपल्या भागात साधनांची वाण नाही. प्राचीन धर्मात आधी विधी येतो आणि त्याची कथा मागून येते, आणि बळी ही देवाला दिलेली लाच नसून देव आणि त्याची माणसे यांचे एकत्र जेवण असते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. जत्रेत देवाला बोकड दाखवून मग भावकीला, पाहुण्यांना कंदुरीचे जेवण घातले जाते. तेथे पंगतीला कोण बसला, कोणाला बोलावणे गेले नाही, कोणाशी भांडण मिटले, हे देवाच्या नैवेद्याइतकेच महत्त्वाचे असते. एवढे सांगितले की स्मिथ यांचे सूत्र श्रोत्यांच्या ताटात पडते.

पण दाखला म्हणजे पुरावा नव्हे, हे लगेच सांगावे. कारण स्मिथ स्वतः येथेच घसरले. सर्वांत जुन्या बळीचे रूप म्हणून त्यांनी नीलस नावाच्या संन्याशाच्या नावावरील एका कथेवर फार भार टाकला. सिनायच्या वाळवंटातील अरब उंट मारून सूर्योदयापूर्वी तो सबंध कच्चा खाऊन टाकतात, अशी ती कथा आहे. फ्रॉइड यांनीही १९१३ मध्ये तिचा आधार घेतला. पुढील अभ्यासकांना ती कथा इतिहासापेक्षा रम्यकथेच्या वळणाची वाटली, आणि एवढ्या मोठ्या सिद्धांताला एवढाच पाया असल्याबद्दल स्मिथ यांच्यावर झोड उठली. बायबलमधील हकिकतींना इतके कठोर प्रश्न विचारणाऱ्या माणसाने उंटाच्या हकिकतीला ते विचारले नाहीत! विद्वानाची ही चूक झाकू नये. त्यांचा प्रभाव मात्र त्यामुळे पुसला जात नाही : मानवशास्त्रज्ञ जेम्स फ्रेझर यांना ब्रिटानिकासाठी निषिद्ध वस्तू आणि कुलचिन्हे यांवरील लेख त्यांनीच लिहायला लावले, आणि फ्रेझर यांनी १८९० मध्ये आपला प्रमुख ग्रंथ त्यांनाच अर्पण केला.

प्रश्नोत्तरे आणि बातमी

‘मग बायबल खरे की खोटे?’ हा प्रश्न हमखास येतो. आजचा विषय स्मिथ काय म्हणाले हा होता आणि त्यांचे उत्तर ‘खरे’ असे होते, एवढेच सांगून खाली बसावे. ‘आज अभ्यासक काय मानतात?’ हा अधिक चांगला प्रश्न आहे. अनुवादाच्या गाभ्याचा संबंध इ.स.पू. सातव्या शतकाशी जोडणारे मत आजही फार मोठ्या प्रमाणावर मान्य आहे. पाच पुस्तकांमागे चार लेखी स्रोत होते, ही जर्मन विद्वान वेल्हाउसेन यांनी पक्की केलेली मांडणी मात्र आता पूर्वीसारखी एकमुखाने स्वीकारली जात नाही. आणि चर्चचे काय झाले, असे कोणी विचारले तर १९०२ ची गोष्ट सांगावी. स्मिथ वर्गाबाहेर असताना १८८० मध्ये त्यांच्या विद्यार्थ्यांना हिब्रू शिकवायला ज्या तरुणाला नेमले होते, त्याच जॉर्ज अ‍ॅडम स्मिथ यांच्यावर चिकित्सेच्याच कारणावरून तक्रार आली. (नावे सारखी असल्याने श्रोत्यांचा गोंधळ होतो; फळ्यावर दोन्ही नावे लिहावीत.) तेव्हा महासभेने आरोपपत्र ठेवायचे नाही असे ठरवले, आणि तसा ठराव मांडला तो रेनी यांनी.

शेवटची सूचना बातमीची. स्थानिक वार्ताहर घाईत असतो. तुम्ही काही दिले नाही तर ‘बायबलवर टीका करणाऱ्या प्राध्यापकाची हकालपट्टी’ असा मथळा दुसऱ्या दिवशी छापून येतो आणि संयोजकांना आठवडाभर फोन घ्यावे लागतात. म्हणून दोन ओळींची चिठ्ठी आधीच लिहून खिशात ठेवावी आणि आभारप्रदर्शन चालू असतानाच त्याच्या हाती द्यावी. माझ्या चिठ्ठीवर असते : ‘विल्यम रॉबर्टसन स्मिथ, १८४६ ते १८९४. आरोप सिद्ध नाही. १८८१ मध्ये ठरावाने प्राध्यापकपदावरून दूर. पाळकपद अखेरपर्यंत कायम.’